सैन्याची रायफल बदलावी का? या विषयावर वाद घालायचाय तर तयारी अशी करा

गणपती जवळ आले की मंडळांचे वादविवाद स्पर्धेचे विषय ठरायला लागतात, आणि आमच्या खेड, दापोली, मंडणगड, चिपळूणपासून वर महाडपर्यंतच्या पट्ट्यात फौजेचा विषय निघाला नाही असं सहसा होत नाही. होणारच, महाड तालुक्यात फौजी आंबवडेसारखं गाव आहे जिथे घरटी माणूस फौजेत गेलेला, दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प दापोलीच म्हणतात, कुणाचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, कुणाचे काका महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. त्यामुळे 'भारतीय सैन्याने इन्सास रायफल बदलली ते योग्य की अयोग्य' असा विषय ठेवला की पोरं तुटून पडतात, पण दहा मिनिटांत गाडी तिथेच येते, एक म्हणतो इन्सास भंगार, दुसरा म्हणतो स्वदेशी आहे, तिसरा म्हणतो एके सत्तेचाळीसच जगात भारी, आणि परीक्षक घड्याळाकडे बघत बसतात. हा विषय खरंच महत्त्वाचा आहे हो, आपल्याच घरातली पोरं ती रायफल खांद्याला लावून उभी असतात, म्हणून तो नीट मांडला जावा एवढ्यासाठी हे लिहितोय. नववी दहावीच्या मुलांना, कॉलेजवाल्यांना, भरतीची नाहीतर एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीची, तयारी करणाऱ्यांना, सगळ्यांना उपयोगी पडेल.

पहिलं काम म्हणजे प्रश्न नक्की कुठला ते ठरवा. 'रायफल बदलावी का' यात निदान तीन प्रश्न एकात एक अडकलेत. रायफल बदलायची, की गोळी बदलायची, की आहे तीच रायफल दुरुस्त करून चालवायची. हे तिन्ही वेगळे आहेत, खर्च वेगळा, वेळ वेगळा. माझं ठाम मत आहे की वादाची सुरुवात रायफलपासून करूच नये, गोळीपासून करावी, कारण रायफल ही शेवटी ती गोळी उडवायचं यंत्र आहे, आणि गोळी कुठली ते ठरलं की अंतर, वजन, धक्का, कारखाना सगळं तिच्या मागोमाग ठरत जातं.

आता थोडा इतिहास पाठ करावाच लागेल, पण सनावळ्या म्हणून नाही तर कशामुळे काय झालं असा. १९६२ ला आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन चीनशी लढले, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, समोरच्याच्या हातात स्वयंचलित हत्यारं. त्यानंतर आली एसएलआर, ७.६२ बाय ५१ ची गोळी (मिलिमीटरमध्ये, पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा काडतुसाच्या नळकांड्याच्या लांबीचा), दणकट, लांब मारणारी. मग ऐंशीच्या दशकात पुण्याला पाषाणच्या एआरडीई मध्ये, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेत, ५.५६ च्या छोट्या गोळीची इन्सास तयार झाली आणि नव्वदच्या दशकात ती जवानांच्या हातात पडायला लागली. १९९९ ला कारगिल. तिथल्या थंडीत प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे गेले, रायफल अडकायच्या तक्रारी आल्या, तेल उडून डोळ्यात जातं अशीही तक्रार आली. पुढे २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही लांबलेल्या चकमकीत इन्सास बंद पडली असं सांगितलं, आपल्या बाजूने उत्तर गेलं की हाताळणी चुकली. ही दोन्ही वाक्यं लक्षात ठेवा, नुसती तक्रार सांगून खाली बसलात तर समोरचा दुसरं वाक्य काढून तुम्हाला गप्प करेल.

खरी गोष्ट मात्र यापुढची आहे आणि तीच बहुतेक जण सोडून देतात. २०११ ला सैन्याने निविदा काढली, अशी रायफल पाहिजे की नळी बदलली की ५.५६ पण चालेल आणि एकेची ७.६२ बाय ३९ पण. बाहेरच्या मोठमोठ्या कंपन्या आल्या, चाचण्या झाल्या, आणि २०१५ ला सगळं रद्द. मग विचार फिरला, आता मोठी ७.६२ बाय ५१ पाहिजे, समोरचा एका गोळीत पडला पाहिजे. आपल्या आयुध कारखान्याने त्या गोळीची रायफल करून दाखवली ती २०१७ ला सैन्याने चाचणीत नाकारली. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये घाईच्या खरेदीतून अमेरिकन सिग कंपनीच्या ७२,४०० रायफली सांगितल्या, ७.६२ बाय ५१ च्या. लगेच मार्च २०१९ मध्ये अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ च्या कारखान्याची घोषणा, ती ७.६२ बाय ३९ ची, पण भावावरून आणि बाकीच्या बोलण्यांत करार व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, ६ लाखांहून थोड्या जास्त रायफलींचा. २०२४ ला सिगच्या अजून ७३,००० घेतल्या. त्याच वर्षी जानेवारीत एआरडीई आणि हैदराबादच्या एका खाजगी कंपनीने मिळून केलेली 'उग्रम' पण पुढे आली, तीही ७.६२ बाय ५१.

आता हे सगळं ओळीने परत वाचा. आधी दोन गोळ्या एका रायफलीत, मग मोठी गोळी सगळ्यांना, मग मोठी आघाडीच्या पायदळाला आणि मधली बाकीच्यांना. मला विचाराल तर इन्सास बदलायचा निर्णय बरोबर होता, पण ती रायफल जेवढी नडली त्यापेक्षा काय पाहिजे हेच वारंवार बदलत राहिलं ते जास्त नडलं, आणि त्या सगळ्या वर्षांत पहाऱ्यावरचा जवान जुनीच रायफल घेऊन उभा होता. वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असा, हा मुद्दा ज्याने आधी मांडला त्याचं पारडं जड होतं असा अनुभव आहे.

आता गोळीचं वजन. हे तोंडी सांगू नका, करून दाखवा, स्टेजवर दोन पिशव्या ठेवायला कुणी नाही म्हणत नाही. ५.५६ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, ७.६२ बाय ३९ चं १६-१७ ग्रॅम, आणि ७.६२ बाय ५१ चं २४-२५ ग्रॅम. म्हणजे १४० गोळ्या घेतल्या तर पहिल्या प्रकारात पावणेदोन किलोच्या आत, मधल्यात सव्वादोन अडीचच्या मधे, तिसऱ्यात जवळजवळ साडेतीन किलो. मॅगझिनचं वजन वेगळं. एका पिशवीत पावणेदोन किलो तांदूळ भरा, दुसरीत साडेतीन, आणि परीक्षकांच्या हातात द्या. आणि तयारी करताना स्वतः एकदा साडेतीनवाली पिशवी, वर रायफलीचे चार किलो म्हणून अजून काहीतरी, दोन लिटर पाणी आणि पिट्ठू घेऊन रसाळगडाची वाट चढून बघा, मग तुमच्या बोलण्यात वजन शब्द आला की तो पाठ केलेला वाटणार नाही. आणि हो, एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते की एसएलआर आणि इन्सास दोन्ही चार किलोच्या वरच्याच, रायफलीच्या वजनात तसा फार फायदा झालाच नव्हता, फायदा होता तो गोळ्यांत आणि धक्क्यात.

धक्क्याचं पण समजून घ्या. मोठी गोळी खांद्याला जोरात मारते, पहिली गोळी लागते पण दुसरी तिसरी पटापट मारायची तर नळी वर उठते. नवखा पोरगा सहा महिन्यात छोट्या गोळीवर चांगलं ग्रुपिंग काढतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ एकाच जागी मारतो, मोठ्या गोळीवर त्याला जास्त वेळ आणि जास्त सराव लागतो. आपल्याकडे एक वाक्य फार फिरतं की ५.५६ मुद्दाम शत्रूला जखमी करायला काढली, म्हणजे एकाला उचलायला दोघे अडकतात. हे वाक्य कुठल्याही स्पर्धेत हमखास येतं आणि टाळ्या पण घेतं, पण छोट्या गोळीकडे जग गेलं त्याचं मोठं कारण वजन, धक्का आणि जास्त गोळ्या हेच होतं, तेव्हा तुम्ही ते वापरू नका, आणि समोरच्याने वापरलं तर शांतपणे खोडा.

अंतराचा प्रश्न इथेच येतो. आपल्याकडे करवंदीच्या जाळीत पन्नास पावलांवरचं माणूस दिसत नाही, लडाखला समोरच्या कड्यावरचा माणूस अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो. काश्मीरच्या गावात घराघरातून शोध घेताना अंतर खोलीएवढं. एकच रायफल या तिन्ही ठिकाणी सारखीच चांगली असेल असं म्हणणं अवघड आहे, आणि सैन्याने दोन प्रकारच्या घेतल्या त्यामागे हाच हिशोब आहे. बातम्यांत एके-२०३ ची मारा करायची कक्षा ८०० मीटर लिहिलेली असते, तो आकडा वापरताना जपून, कागदावरची कक्षा वेगळी आणि दम लागलेल्या, थंडीने बोटं बधिर झालेल्या जवानाचा नेम वेगळा. आता दोन रायफली म्हणजे दोन गोळ्या, दोन प्रकारचे सुटे भाग, एकाची मॅगझिन दुसऱ्याला लागत नाही. विरोधी बाजूला असाल तर याच्यावर जोर द्या, फार मजबूत मुद्दा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे फक्त आपल्यासारख्या भागातच जमतं. पुस्तकात शोधायच्या आधी वाडीतल्या रिटायर माणसाकडे जा. पण विचारायची पद्धत पाहिजे. "सुभेदार साहेब, इन्सास कशी होती ओ?" असं विचारलंत तर ते म्हणतील चांगली होती नाहीतर बेकार होती, आणि चहा येईल, विषय संपला. विचारायचं असं, काका तुमच्या हातात कुठल्या साली आली, तेव्हा युनिट वाळवंटात होतं की डोंगरात, त्याआधी एसएलआर होती का, बदलताना काय वेगळं वाटलं. मग विचारा अडकायची ती नक्की कशी अडकायची, गोळी चेंबरमध्ये चढायची नाही, की रिकामं खोकं बाहेर पडायचं नाही, की मॅगझिनचा ओठ वाकायचा. स्टॉपेज स्टॉपेज म्हणतात पण प्रत्येक स्टॉपेजचं कारण वेगळं असतं, मॅगझिनचा दोष असेल तर मॅगझिन बदलून भागतं, रायफल कशाला बदलायची? बघा, एका प्रश्नातून तुमचा अख्खा मुद्दा तयार झाला.

सफाईबद्दल जरूर विचारा. पुलथ्रू (नळीतून ओढायची सफाईची दोरी), चिंदी, तेल, कोतमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, जमा करायच्या आधी कोण तपासायचं, पावसात काय करायचे. आपल्या खाऱ्या वाऱ्यात दाराचं कुलूप एका पावसाळ्यात गंजून बसतं, तेल घातलेलं चालतं, तसंच आहे ते, त्यामुळे आपल्या माणसांना हा मुद्दा पटकन कळतो आणि सभेत पण पोचतो. आणि शक्य असेल तर आर्मरर म्हणून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा म्हणून, नोकरी केलेला माणूस शोधा. रायफलमन स्वतःची एक रायफल ओळखतो, आर्मररच्या टेबलावरून शेकड्याने गेलेल्या असतात, कुठला पार्ट सारखा तुटतो ते त्याला विचारा. ड्रायव्हर किंवा क्लार्क म्हणून रिटायर झालेल्या काकांचं पण ऐका, ते पण फौजीच, पण त्यांनी रायफल वर्षातून ठराविक वेळा रेंजवर चालवलेली असते, तेव्हा त्यांचं मत वेगळ्या रकान्यात लिहा.

जुने एसएलआरवाले आजोबा भेटले तर ते हमखास म्हणतील, "ती खरी रायफल रे, लागली की माणूस बसलाच." खोटं नाही ते. त्यांना फक्त एवढं विचारा की आबा, फायर ऑटोवर धरून मारता यायचं का, आणि गोळ्या किती न्यायचात. पुढचं ते स्वतःच सांगतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जो भाऊ किंवा मामा आत्ता नोकरीत आहे त्याला यातलं काही विचारू नका, कुठल्या युनिटला कुठली रायफल आली, किती आल्या, कुठे आहेत, काही नाही. त्याने सुट्टीत दाखवलेला फोटो स्पर्धेच्या पोस्टरवर लावू नका, ग्रुपवर टाकू नका. रिटायर माणसाने सुद्धा एखादा विषय टाळला तर तिथेच थांबा. तुम्हाला लागणारं सगळं उघड माहितीत मिळतं, सरकारची प्रसिद्धिपत्रकं, लोकसभा राज्यसभेतली लेखी उत्तरं, संरक्षणाच्या स्थायी समितीचे अहवाल, कॅगचे अहवाल. यूट्यूबवरच्या 'टॉप टेन रायफल' वरून मात्र एकही आकडा उचलू नका.

बाहेरच्या देशांचे दाखले दोन-तीन पुरेत, पण आतलं कारण माहीत पाहिजे. अमेरिकेची एम-१६ व्हिएतनाममध्ये अडकायला लागली, जवान मेले, १९६७ ला त्यांच्या संसदेच्या समितीने चौकशी केली. निघालं काय, काडतुसातली दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि जवानांना सफाईचं सामान पण धड दिलं नव्हतं. हे सुधारलं आणि तीच रायफल पुढे कित्येक दशकं चालली. ब्रिटनची एसए-८० पण सुरुवातीला बदनाम, त्यांनी २००० च्या सुमारास जर्मन कंपनी हेकलर अँड कॉखकडून ती आतून सुधारून घेतली आणि वापरत राहिले. हे दोन दाखले 'बदलू नका, दुरुस्त करा' वाल्यांचे हुकमी. उलट बाजूला जर्मनीची जी-३६ घ्या, २०१५ ला तापल्यावर नेम चुकतो यावरून वाद पेटला, मंत्र्यांनी बदलायचं ठरवलं, मग २०२० ला एका कंपनीला काम दिलं, ते रद्द झालं, दुसरीला दिलं, कोर्टकचेरी झाली. म्हणजे श्रीमंत देशात पण रायफल बदलणं वर्षानुवर्षं चालतं, आपल्याकडेच उशीर होतो असं रडगाणं गाऊ नका.

आणि ताजा दाखला पाहिजे असेल तर अमेरिकेची एम-७. समोरच्याच्या अंगातलं चिलखत भेदायला म्हणून २०२२ ला ६.८ मिलिमीटरची नवी गोळी आणि नवी रायफल निवडली. पण मॅगझिन वीस गोळ्यांचं, सात मॅगझिन म्हणजे १४०, जुन्या रायफलीला तीसच्या सात म्हणजे २१०. सत्तर गोळ्या कमी आणि रायफल जड. २०२५ मध्ये त्यांच्याच एका कॅप्टनने यावरून उघड टीका केली, कंपनीने ती खोडली, वाद चालू आहे. आपल्या विषयाला हा दाखला इतका चपखल बसतो की शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवा, मोठी गोळी की जास्त गोळ्या हाच तिथला पण प्रश्न आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. २०२४ ची सिगची खरेदी साधारण ८३७ कोटींची म्हणून छापून आली, ७३,००० ने भागलं तर एक रायफल सुमारे एक लाख पंधरा हजाराला पडते. भागाकार करून दाखवला की सभा ऐकते, पण लगेच सांगा की नुसत्या रायफलीच्या किमतीवर निर्णय होत नाही, दुर्बीण, गोळ्या, सराव, सुटे भाग हे पुढे कित्येक वर्षं चालू राहतं. स्वदेशीचा मुद्दा पण इथेच मांडा, भावनेने नको. इन्सासच्या गोळ्या आपल्याच जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या कारखान्यात बनतात. लढाई लांबली की गोळी कुठून येणार हा प्रश्न रायफल कुठून आली यापेक्षा मोठा आहे, आणि स्वदेशीची खरी ताकद तिथे आहे. पण स्वदेशी आहे म्हणून अडकणारी रायफल पोराच्या हातात द्यायची, हे मला तरी मान्य नाही, आणि पाषाणच्या शास्त्रज्ञांनाही मान्य नसणार, म्हणून तर ते नवीन करतायत.

आता प्रत्यक्ष बोलताना. चार मिनिटं असतील तर पहिल्या मिनिटात प्रश्न कुठला ते सांगा आणि गोळीवर या, दुसऱ्यात पिशव्या, तिसऱ्यात २०११ ते २०२१ ची कहाणी, चौथ्यात एक बाहेरचा दाखला आणि तुमचं मत. जास्त काही कोंबू नका. शहिदांची नावं घेऊन टाळ्या मागू नका, समोर त्यांच्या घरचं कुणी बसलेलं असू शकतं, आमच्याकडे तर असतंच. 'भंगार' हा शब्द वापरू नका, त्याच रायफलीने लोकांनी कारगिलला शिखरं घेतलीत. समोरच्याचा मुद्दा बरोबर असेल तर 'हे मान्य' म्हणा आणि मग तुमचं सांगा, परीक्षक बहुतेक वेळा कुणीतरी रिटायर साहेब किंवा शाळेचे सर असतात, त्यांना ते आवडतं.

खंडनाच्या फेरीत एकच प्रश्न तयार ठेवा, दोन्ही बाजूंना चालतो, "तुम्ही म्हणता ती रायफल कोणासाठी, किती अंतरासाठी, आणि तिची गोळी कुठे बनते?" यातलं एक जरी उत्तर समोरच्याकडे नसेल तर त्याच्या आवाजातच कळतं. आणि आयोजकांना एक विनंती, विषयाच्या चिठ्ठीवर नुसतं 'इन्सास योग्य की अयोग्य' लिहू नका, 'आघाडीच्या पायदळासाठी कुठली गोळी' असं लिहा, आणि वाडीतल्या एखाद्या आर्मरर काकांना परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसवा, शेवटी पंधरा मिनिटं त्यांना बोलू द्या, माईक चालू ठेवा.